जोसेफ मारी जॅकार्ड

जोसेफ मारी जॅकार्ड (जन्म : ७ जुलै, १७५२, ल्यों, मृत्यू : ७ ऑगस्ट, १८३४, ऊलँ) हे फ्रान्समधील रेशीम विणकर व यंत्रसंशोधक होते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या साहाय्याने कापडात आपोआप नक्षी विणणारी यंत्ररचना त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाते. त्यांच्या आडनावाचा फ्रेंच उच्चार 'जाकार' असा आहे. मात्र मराठीत व्यक्ती आणि यंत्र या दोहोंसाठी 'जॅकार्ड' हाच उच्चार रूढ असल्याने या लेखात तोच वापरला आहे.

जॅकार्ड यांचे नाव दोन निरनिराळ्या इतिहासांत घेतले जाते. संगणकाच्या इतिहासात त्यांचे छिद्रित पत्ते यंत्राला लेखी सूचना देण्याच्या पद्धतीचा आरंभीचा टप्पा मानले जातात. श्रमिकांच्या इतिहासात त्यांचा माग हा विणकरांच्या रोषाचे लक्ष्य ठरलेले यंत्र म्हणून येतो. या दोन्ही इतिहासांत त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका मिसळल्या असून, त्या वेगळ्या केल्याशिवाय त्यांच्या कार्याचे आणि त्या कार्याला झालेल्या विरोधाचे स्वरूप नीट कळत नाही.

बालपण आणि शिक्षण

जॅकार्ड यांचा जन्म ल्यों या शहरात झाला. त्या काळी ल्यों हे युरोपातील रेशमी कापडाचे एक प्रमुख केंद्र होते. घराण्याचे मूळ आडनाव शार्ल असे होते. जॅकार्ड हे कुटुंबाच्या एका शाखेला पडलेले उपनाव पुढे आडनाव म्हणून कायम झाले. वडील झां शार्ल हे स्वतःचे माग असलेले कुशल विणकर होते. आईचे नाव आंत्वानेत रीव्ह असे होते. या दांपत्याला ९ अपत्ये झाली. त्यांपैकी जोसेफ आणि त्यांची थोरली बहीण क्लेमांस ही दोघेच प्रौढ वयापर्यंत जगली.

घरची स्थिती बरी असूनही जोसेफ यांना शाळेत घातले गेले नाही आणि वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पुढे त्यांचे मेहुणे झां-मारी बारे यांनी त्यांना शिकवले. बारे हे मुद्रक व पुस्तकविक्रेते होते आणि शहरातील विद्वानांशी त्यांचा परिचय होता. लहानपणी जोसेफ वडिलांच्या मागावर मदतीला बसत असत. परंतु ते काम त्यांच्या प्रकृतीला झेपले नाही. त्यामुळे त्यांना आधी पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे आणि नंतर छापखान्याचे खिळे ओतणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले.

संसार आणि क्रांतीचा काळ

१७६२ मध्ये आईचे आणि १७७२ मध्ये वडिलांचे निधन झाले. वडिलांमागे जोसेफ यांच्या वाट्याला घर, माग, कार्यशाळा, द्राक्षमळा आणि दगडाची खाण अशी मालमत्ता आली. १७७८ मध्ये त्यांनी क्लोदीन ब्वाशों या विधवेशी विवाह केला आणि १७७९ मध्ये त्यांना झां मारी हा एकुलता एक मुलगा झाला. व्यवहारात मात्र त्यांना यश आले नाही. ते कर्जात बुडाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि वडिलोपार्जित व पत्नीकडून आलेल्या मालमत्तेचा मोठा भाग विकावा लागला. ल्योंजवळच्या ऊलँ गावातील घर तेवढे उरले.

१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीमुळे रेशमी कापडाचे श्रीमंत गिऱ्हाईक नाहीसे झाले आणि ल्योंचा धंदा कोलमडला. १७९३ मध्ये शहराने पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारविरुद्ध बंड केले. सरकारी सैन्याने वेढा घालून ते मोडून काढले. या धामधुमीत जॅकार्ड आपल्या किशोरवयीन मुलासह शहराबाहेर पडले, दोघांनी क्रांतिसैन्यात नाव नोंदवले आणि ऱ्हाईन नदीकाठच्या मोहिमेत मुलगा मारला गेला, असा वृत्तांत त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. त्यातील तपशिलांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वयाच्या पन्नाशीकडे झुकलेले, मालमत्ता गमावलेले जॅकार्ड यानंतर यंत्रांच्या रचनेकडे वळले.

नक्षी विणण्याची जुनी पद्धत

जॅकार्ड यांनी नेमके काय केले हे समजण्यासाठी जुन्या मागाची माहिती आवश्यक आहे. कापडात उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. साध्या कापडात ताण्याचे धागे एकाआड एक उचलले जातात आणि त्यांमधून धोटा जातो. नक्षीदार कापडात मात्र बाण्याच्या प्रत्येक ओळीसाठी ताण्याचे वेगवेगळे धागे उचलावे लागतात. हे धागे दोऱ्यांना बांधलेले असत आणि विणकराच्या हाताखालचा मदतनीस ठरलेल्या क्रमाने त्या दोऱ्या ओढत असे. हे मदतनीस बहुधा लहान मुले किंवा मुली असत. दिवसभर अवघडलेल्या स्थितीत वजनदार दोऱ्या ओढण्याचे हे काम शरीराची मोडतोड करणारे होते. अतिशय गुंतागुंतीच्या नक्षीचे कापड दिवसाकाठी जेमतेम काही सेंटिमीटर विणून होई आणि एक दोरी चुकली तरी नक्षी बिघडत असे.

पूर्वसूरी

दोऱ्या निवडण्याचे काम यंत्राकडे सोपवण्याचे प्रयत्न जॅकार्ड यांच्या जन्माआधीच ल्योंमध्ये सुरू झाले होते. १७२५ मध्ये बाझील बूशों यांनी छिद्रे पाडलेल्या कागदाच्या पट्टीचा वापर केला. १७२८ मध्ये झां-बाप्तिस्त फाल्कों यांनी कागदाच्या सलग पट्टीऐवजी एकमेकांना जोडलेले पुठ्ठ्याचे पत्ते आणले. त्यामुळे एखादा पत्ता फाटला तर तेवढाच बदलता येऊ लागला. या दोन्ही रचनांना मदतनिसाची गरज मात्र उरलीच.

यांत्रिक बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेले झाक द व्होकांसों यांची १७४१ मध्ये फ्रान्सच्या रेशीम उद्योगाचे निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. १७४५ च्या सुमारास त्यांनी मदतनिसाशिवाय चालणारा माग तयार केला. धागे निवडणारी यंत्रणा त्यांनी मागाच्या माथ्यावर बसवली. त्यांचा माग व्यवहारात आला नाही. त्यापूर्वी १७४४ मध्ये, उद्योगासाठी केलेल्या नव्या नियमांविरुद्ध ल्योंच्या विणकरांनी उठाव केला होता आणि त्या वेळी व्होकांसों यांना शहर सोडून पळ काढावा लागला होता. म्हणजेच ल्योंमधील विणकरांचा संघर्ष जॅकार्ड यांच्या यंत्रापासून सुरू झाला, असे म्हणता येत नाही.

जॅकार्ड मागाची निर्मिती

१८०० मध्ये जॅकार्ड यांनी दोऱ्या ओढणाऱ्या मदतनिसाची गरज कमी करणाऱ्या एका मागाचे पेटंट घेतले. १८०१ मध्ये पॅरिस येथील औद्योगिक प्रदर्शनात त्याला कांस्यपदक मिळाले. त्यानंतर त्यांनी मासेमारीची जाळी विणणारे यंत्र तयार केले. १८०३ मध्ये त्यांना पॅरिसला बोलावून घेण्यात आले आणि तेथील कला व हस्तव्यवसायांच्या राष्ट्रीय संग्रहालयात काम करण्याची संधी देण्यात आली. व्होकांसों यांचा विस्मरणात गेलेला माग याच संग्रहालयात होता.

१८०४ पासून जॅकार्ड यांनी आपला नवा माग तयार करण्यास आरंभ केला. व्होकांसों यांची मागाच्या माथ्यावरील यंत्रणा आणि फाल्कों यांची पत्त्यांची साखळी यांचा त्यांनी मेळ घातला. या रचनेत नक्षीतील बाण्याच्या प्रत्येक ओळीसाठी एक पत्ता असतो. पत्ते क्रमाने ओवून त्यांची माळ केलेली असते आणि एक फिरता चौकोनी ठोकळा एकेक पत्ता आडव्या सुयांच्या रांगेसमोर आणतो. जेथे छिद्र असते तेथे सुई आत शिरते, तिला जोडलेला आकडा जागेवर राहतो आणि वर जाणाऱ्या पट्टीत अडकून आपला धागा उचलतो. जेथे छिद्र नसते तेथे पत्ता सुईला मागे ढकलतो, आकडा बाजूला होतो आणि धागा खालीच राहतो. छिद्र आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शक्यतांतून फुले, पाने, पक्षी, मनुष्याकृती असे काहीही विणता येते. नक्षी बदलायची असल्यास माग बदलावा लागत नाही. पत्त्यांची माळ बदलणे पुरते.

एप्रिल १८०५ मध्ये सम्राट नेपोलियन ल्यों येथे आले असता त्यांनी हा माग पाहिला. त्याचे हक्क ल्यों शहराकडे सोपवण्यात आले. त्याच्या मोबदल्यात जॅकार्ड यांना वर्षाला ३,००० फ्रँक तहहयात निवृत्तिवेतन आणि ठरावीक वर्षांपर्यंत वापरात येणाऱ्या प्रत्येक मागामागे ५० फ्रँक मानधन मंजूर झाले. यामुळे यंत्र कोणा एका व्यापाऱ्याच्या मालकीचे न राहता शहरातील सर्वांना उपलब्ध झाले.

आरंभीचे माग मात्र नीट चालत नसत. पत्ते पुढे सरकवणाऱ्या यंत्रणेत वारंवार बिघाड होई. झां-आंत्वान ब्रतों या कारागिराने १८१५ च्या सुमारास हे दोष दूर केले आणि त्यानंतरच या मागाचा प्रसार खऱ्या अर्थाने वेगाने झाला. आज जॅकार्ड या एकाच नावाने ओळखला जाणारा माग प्रत्यक्षात सुमारे ९० वर्षांच्या काळात अनेकांच्या हातून घडला आहे.

विणकरांचा विरोध

नव्या मागामुळे दोऱ्या ओढणाऱ्यांचे काम संपणार हे उघड होते. आपली मजुरी घसरेल आणि वर्षानुवर्षे कमावलेल्या कौशल्याला किंमत उरणार नाही, अशी धास्ती अनेक विणकरांना वाटली. जॅकार्ड यांना विरोध झाला, ही गोष्ट सर्वमान्य आहे. विणकरांनी त्यांचा माग भर चौकात मोडून जाळला आणि त्यांच्या जिवावरही हल्ले झाले, अशा हकिकती एकोणिसाव्या शतकातील चरित्रकारांनी रंगवून सांगितल्या. सॅम्युएल स्माइल्स यांच्या 'सेल्फ हेल्प' (१८५९) या इंग्रजी पुस्तकातील चरित्रामुळे अज्ञानी जमावाच्या रोषाला बळी पडलेला उपकारकर्ता अशी त्यांची प्रतिमा सर्वदूर पोहोचली. या हकिकतींना समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नसल्याने नंतरचे अभ्यासक त्यांकडे सावधपणे पाहतात. सदोष यंत्र आणि त्याची किंमत हीदेखील माग घेण्यास टाळाटाळ होण्याची कारणे होती.

याच सुमारास इंग्लंडमध्ये यंत्रांविरुद्ध संघटित आंदोलन झाले. १८११ पासून नॉटिंगहॅमशायर परिसरातील मोजे विणणाऱ्या कामगारांनी मालकांची यंत्रे फोडण्यास सुरुवात केली आणि हे लोण यॉर्कशायर व लँकाशायरमधील कापड कामगारांपर्यंत पोहोचले. नेड लड या काल्पनिक नेत्याच्या नावावरून त्यांना लडाईट असे म्हटले जाते. १८१२ मध्ये ब्रिटिश संसदेने यंत्र फोडण्याच्या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा ठरवली आणि जानेवारी १८१३ मध्ये यॉर्क येथे १७ जणांना फाशी देण्यात आले. मोजे विणणाऱ्यांपैकी अनेकांची उपजीविका यंत्रावरच चालत असे. त्यांची तक्रार हलक्या प्रतीचा माल काढून मजुरी पाडणाऱ्या आणि धंद्याचे जुने नियम धाब्यावर बसवणाऱ्या मालकांविरुद्ध होती.

ल्योंचे १८३१ व १८३४ चे उठाव

ल्योंमधील रेशीम विणकरांना कान्यू असे म्हणत. जॅकार्ड माग उंच असल्याने तो जुन्या घरांत मावत नसे. त्यामुळे क्र्वा-रूस या टेकडीवर सुमारे ४ मीटर उंच छताच्या खोल्या असलेली घरे बांधली गेली आणि तेथे विणकरांची दाट वस्ती झाली. धंद्याची रचना तीन थरांची होती. व्यापारी रेशीम आणि नक्षी देत; सुमारे ८,००० कुशल विणकर आपल्या घरी स्वतःच्या मागांवर माल तयार करून घेत; आणि त्यांच्या हाताखाली हजारो मजूर विणकर काम करत. मजुरी कापडाच्या मापावर ठरत असे. मागाचा खर्च विणकराचा आणि दर ठरवणारा व्यापारी, अशी ही व्यवस्था होती.

ऑक्टोबर १८३१ मध्ये मजुरीचे किमान दर ठरवणारा करार झाला. परंतु अनेक व्यापाऱ्यांनी तो पाळण्यास नकार दिला. २१ नोव्हेंबर रोजी विणकर टेकडीवरून शहरात उतरले आणि दोन दिवसांच्या लढाईनंतर शहर त्यांच्या ताब्यात आले. डिसेंबरच्या आरंभी सैन्याने ल्यों पुन्हा ताब्यात घेतले आणि दरांचा करार रद्द झाला. एप्रिल १८३४ मध्ये दुसरा उठाव झाला. संघटनांवर निर्बंध घालणारा कायदा हे त्याचे एक कारण होते. तोही सैन्याने मोडून काढला. या दोन्ही उठावांत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली.

हे विणकर जॅकार्ड मागावरच काम करत होते. त्यांची मुख्य मागणी माग मोडण्याची नसून मजुरीचे किमान दर पाळले जाण्याची होती. १८०५ च्या सुमारास ज्या यंत्राची धास्ती घेतली गेली, तेच यंत्र एका पिढीत विणकरांच्या घरातील मालमत्ता आणि उपजीविकेचे साधन झाले होते. यंत्रामुळे वाढलेल्या उत्पादनाचा लाभ कोणाच्या पदरात पडावा, हा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता.

अखेरचा काळ

१८१९ मध्ये जॅकार्ड यांना फ्रान्सचा 'लेजियाँ दॉनर' हा मानाचा किताब देण्यात आला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी ऊलँ येथे शांतपणे घालवली. दुसरा उठाव चिरडला गेल्यानंतर सुमारे चार महिन्यांनी, ७ ऑगस्ट, १८३४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. १८४० मध्ये ल्यों शहरात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

१८३९ मध्ये ल्यों येथील विणकर मिशेल-मारी कार्किया यांनी चित्रकार क्लोद बोनफों यांच्या चित्रावरून जॅकार्ड यांची रेशमी तसबीर विणली. त्यासाठी सुमारे २४,००० छिद्रित पत्ते वापरण्यात आले होते. ही तसबीर इतकी बारकाईने विणलेली आहे की पाहणाऱ्याला ती छापील चित्र वाटते.

गणनयंत्रांशी संबंध

इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांच्याकडे या रेशमी तसबिरीची एक प्रत होती. आपल्या नियोजित विश्लेषक यंत्राला सूचना आणि संख्या पुरवण्यासाठी त्यांनी १८३६ मध्ये जॅकार्ड यांच्या पद्धतीचे पत्ते वापरण्याचे ठरवले. एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांत या यंत्राच्या कार्याची तुलना जॅकार्ड मागाच्या विणकामाशी केली. बॅबेज यांचे यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची छिद्रित पत्त्यांवर चालणारी यंत्रे वापरली गेली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत संगणकांत असे पत्ते प्रचलित होते. जॅकार्ड यांनी स्वतः गणनयंत्राचा विचार केला नव्हता आणि त्यांचा माग आकडेमोड करत नाही. त्यामुळे त्याला संगणक म्हणणे योग्य ठरत नाही. काम करणारे यंत्र आणि त्याला दिल्या जाणाऱ्या सूचना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे मात्र या मागाने व्यवहारात दाखवून दिले.

स्मार्ट वस्त्रे

विसाव्या शतकाच्या अखेरीस पुठ्ठ्याच्या पत्त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने घेतली. आज जॅकार्ड मागांना संगणकावरून नक्षी पुरवली जाते आणि प्रत्येक धागा स्वतंत्रपणे उचलता येतो. या गुणामुळे वीज वाहून नेणारा धागा कापडात हव्या त्या ठिकाणी विणणे शक्य झाले. स्पर्श किंवा शरीराची हालचाल ओळखणाऱ्या कापडांस स्मार्ट वस्त्रे म्हणतात.

गूगल या कंपनीने २०१५ मध्ये अशा कापडाचा प्रकल्प जाहीर केला आणि त्याला जॅकार्ड हेच नाव दिले. लीव्हायज या कंपनीसह २०१७ मध्ये विक्रीस आणलेल्या जाकिटाच्या डाव्या बाहीत वीजवाहक धागे विणलेले होते. बाहीवर बोट फिरवून मोबाइल फोनवरील गाणे बदलता येई किंवा आलेल्या फोनला प्रतिसाद देता येई. २०२३ मध्ये कंपनीने या प्रकल्पाचे मोबाइल अ‍ॅप बंद केले. त्याबरोबर जाकिटातील विशेष सोयीही संपुष्टात आल्या. वापरणाऱ्यांच्या अंगावर साधे जाकीट तेवढे उरले.

महाराष्ट्रातील वापर

भारतात हातमाग आणि यंत्रमाग या दोन्हींवर जॅकार्ड यंत्रणा बसवली जाते. महाराष्ट्रात सोलापूरच्या जॅकार्ड चादरी प्रसिद्ध असून त्यांवरील नक्षी याच यंत्रणेने उमटते. पैठणीचा पदर परंपरेने रंगीत रेशमाच्या छोट्या तिल्ल्या हाताने फिरवून विणला जातो. त्यात जॅकार्डचा उपयोग नसतो. त्यामुळे अशी पैठणी विणण्यास अधिक वेळ लागतो आणि तिची किंमतही जास्त असते. यंत्रमागाच्या स्पर्धेपासून हातमाग विणकरांचे संरक्षण व्हावे, यासाठी भारत सरकारने १९८५ मध्ये काही वस्तूंचे उत्पादन हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला.

मूल्यमापन

जॅकार्ड यांचे श्रेय मूळ कल्पनेपेक्षा जुन्या कल्पनांचा उपयुक्त मेळ घालण्यात आहे, असे तंत्रज्ञानाचे अभ्यासक मानतात. त्यांच्या यंत्राने दोऱ्या ओढण्याच्या कष्टप्रद कामातून मुलांची सुटका केली, नक्षीदार कापड स्वस्त केले आणि ल्योंच्या धंद्याला उभारी दिली. त्याच यंत्राने दोऱ्या ओढून पोट भरणाऱ्यांचा रोजगार नाहीसा केला आणि त्यांच्यासाठी कोणतीही तरतूद झाल्याचे आढळत नाही. शोधाचा मोबदला संशोधकाला मिळाला आणि हक्क शहराला मिळाले. मजुरीच्या दराचा प्रश्न मात्र यंत्र आल्यानंतर २५ वर्षांनीही रस्त्यावरच्या लढाईने सोडवण्याची वेळ विणकरांवर आली. विणकरांच्या विरोधाला निव्वळ अज्ञान ठरवणारे जुने चरित्रलेखन या कारणाने अपुरे ठरते. यंत्र आणि श्रमिक यांच्या संबंधांचा विचार करताना जॅकार्ड यांच्या चरित्राबरोबर कान्यूंच्या उठावांचाही अभ्यास केला जातो.